‘भासा मराठी’ची ओवी आणि ती लिहिणारा पाद्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फेब्रुवारी सरत आला की मुंबईत येशूची कथा सांगणाऱ्या ख्रिस्तपुराणातली ‘जैसी हरळांमाजि रत्नकिळा’ ही ओवी जागोजाग दिसू लागते. शाळांच्या फळ्यांवर, चौकातल्या फलकांवर, ग्रंथालयांच्या निमंत्रणपत्रिकांवर आणि अर्थात वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाल्यापासून तर तिला उसंतच नाही. आपल्या मराठी भाषा गौरव दिनाच्या पुरवणीतही ती होती आणि खाली नाव होते ‘पोर्तुगीज धर्मगुरू फादर स्टीफन, साष्टी’. माणूस पोर्तुगीज नव्हता, नाव स्टीफन नव्हते आणि साष्टीही आपण समजतो ती नव्हे. ओवीतही दोन अक्षरे बदलली होती. दोष आपल्या एकट्या दैनिकाचा नाही. बहुतेक ठिकाणी हेच छापले जाते. या चुका होतात कशा ते कळले, तर पुढच्या वर्षी टाळता येतील.

आधी माणूस. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या बुश्टन गावी झाला. वडील लंडनचे व्यापारी. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक राहणेच धोक्याचे होते, पाद्री होणे तर दूरच. म्हणून ते रोमला गेले आणि ऑक्टोबर १५७५मध्ये तिथे जेज्विट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पूर्वेकडच्या मिशनवर पोर्तुगालच्या राजाचा ताबा असल्यामुळे कोणत्याही देशाचा पाद्री पोर्तुगीज गलबतातून आणि पोर्तुगीज नोंदवहीतूनच इकडे येई. तिथे स्टीफन्सचे ‘एस्तेव्हांव’ झाले. पोर्तुगीज समजण्याची चूक इथली. पोहोचल्यावर काही आठवड्यांतच, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर पत्र धाडले. ते पुढे इंग्लंडमध्ये रिचर्ड हॅक्लुट यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले. १५८३मध्ये व्यापारी राल्फ फिच आणि त्यांचे इंग्रज सोबती हेर असल्याच्या संशयावरून गोव्यात अटकेत पडले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत स्टीफन्स होते. त्याच वर्षी भाऊ रिचर्ड यांना लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे त्यांनी नोंदवले आहे. हेच निरीक्षण संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात मांडून नाव कमावले ते १७८६मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी.

आता साष्टी. मुंबईकराला साष्टी म्हटले की वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतचा भाग आठवतो, आणि तोही पोर्तुगिजांकडेच होता, चर्चे तिथेही होती. स्टीफन्स यांचे काम मात्र गोव्याच्या सासष्टीत, मडगाव आणि राशोलच्या आसपास चालले. दोन्ही नावे सहासष्ट गावांवरून आलेली आणि पोर्तुगीज कागदांत दोन्ही ‘साल्सेत’, म्हणून गफलत होते. ‘साष्टीचे फादर’ असे लिहिले की वाचक त्यांना थेट मुंबईत आणून बसवतो. ‘गोव्यातील सासष्टी’ असे लिहावे.

तिथे त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे काढली, १६१९मध्ये मृत्यू येईपर्यंत. ही वर्षे लेखकाची नव्हती, पाद्र्याची होती. मिस्सा, कबुलीजबाब, बाप्तिस्मे, आजाऱ्यांना भेटी, मुलांना धर्मशिक्षण, संघाचे हिशेब आणि वरिष्ठांना अहवाल. यांतले बोलणे लोकांच्या भाषेत झाल्याशिवाय निभत नसे; दुभाष्यामार्फत कबुलीजबाब कोण देणार? सासष्टीतली बोली कोंकणी, तर पुराण-कीर्तनाची भाषा मराठी, म्हणून स्टीफन्सना दोन्ही शिकाव्या लागल्या. त्यांची तीन पुस्तके अशीच कामातून निघाली आहेत. कोंकणीचे व्याकरण नव्या पाद्र्यांसाठी. ते त्यांच्या मृत्यूनंतर, दिओगो रिबैरो यांनी भर घालून, १६४०मध्ये राशोलला छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानतात. कोंकणीतली ‘दोत्रिन’ म्हणजे ख्रिस्ती शिकवणीची प्रश्नोत्तरे मुलांसाठी. तीही मृत्यूनंतर, १६२२मध्ये निघाली. आणि ओवीबद्ध मोठा ग्रंथ चर्चमध्ये जमलेल्या प्रौढांना वाचून दाखवण्यासाठी. तोच १६१६चा ख्रिस्तपुराण. काही ठिकाणी १६१४ साल छापलेले दिसते, ते चूक आहे.

हा ग्रंथ का लिहावा लागला, याचे उत्तर ग्रंथाच्या आरंभीच आहे, आणि भाषेच्या स्तुतीइतकेच ते वाचण्याजोगे आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना विचारतो की मुलांसाठी दोत्रिन ठीक आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न कल्पनेतला नाही. १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले होते. १५६७च्या सुमारास सासष्टीतली देवळे पाडली गेली होती, पोथ्या जप्त होत होत्या. स्टीफन्स आले ते त्यानंतर बारा वर्षांनी, आणि रिकाम्या झालेल्या जागेत त्यांनी पुराण रचले. आमच्या मते ही गोष्ट ओवीच्या शेजारी छापण्याची तयारी नसेल, तर ‘परक्यालाही मराठीने मोहिनी घातली’ हे कौतुकही छापू नये. दोन्ही एकाच माणसाच्या कामात आहेत. त्यांचे मराठीवरचे प्रेम खरे होते, आणि ज्या सत्तेने लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या तिच्याच आश्रयाने ते लिहीत होते, हेही तितकेच खरे.

ग्रंथाचा आवाका पाहा. दोन भाग, पहिले पुराण आणि दुसरे पुराण. अध्यायांना ‘अवस्वर’ म्हटले आहे. पहिल्यात ३६, दुसऱ्यात ५९. १९०७च्या मंगळूर आवृत्तीप्रमाणे एकूण १०,९६२ ओव्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, यावरून आकाराची कल्पना यावी. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचा जन्म, चमत्कार, मरण आणि पुनरुत्थान. छापण्यापूर्वी इन्क्विझिशन, आर्चबिशप आणि स्वतःचा संघ अशा तीन ठिकाणची परवानगी घ्यावी लागली. पहिल्या छपाईचे शीर्षक पोर्तुगीजमध्ये होते आणि त्यात ‘पुराण’ हा शब्द नव्हता. येशू ख्रिस्ताच्या आगमनावरील प्रवचन, दोन भागांत, असा त्याचा अर्थ. पुराण हे नाव पुढे रूढ झाले.

ओवीचा साचा सोपा आहे, पण छापताना तोच पहिल्यांदा मोडतो.

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

चार चरण, पहिल्या तिघांना एक यमक (किळा, निळा, चोखळा), चौथा चरण आखूड आणि यमकाबाहेर. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ग्रंथांतली ही ओळखीची चाल. एकनाथांचे निधन १५९९चे, म्हणजे स्टीफन्स गोव्यात असतानाचे. वाचकाच्या कानाला कोणती ओवी सवयीची आहे हे त्यांना नेमके ठाऊक होते. फलक रंगवताना चौथा चरण छोटा दिसतो, म्हणून कोणी ‘भाषा माझी मराठी’ करतो, कोणी जागा वाचवायला चारही चरण दोन ओळींत कोंबतो. दोन्हीत ओवीचा शेवटचा ठेका जातो. चार ओळी, चौथी आखूड, असेच छापावे.

अक्षरांच्या चुका मात्र निष्काळजीपणाने होतात असे नाही. त्यांच्यामागे छापखान्याचा इतिहास आहे. स्टीफन्सना हा ग्रंथ देवनागरीत छापायचा होता. १६०८ साली त्यांनी रोमला संघप्रमुखांना पत्र लिहून या देशाच्या लिपीत पुस्तके छापावीत अशी मागणी केली. मलबारकडे तमिळ लिपीत पुस्तके छापून झालीच होती. अडचण त्यांनी स्वतःच सांगितली आहे: युरोपात चोवीस अक्षरांवर भागते, इथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील. हा आकडा फुगवलेला नाही. प्रत्येक व्यंजन, त्याच्या काना-मात्रा-वेलांट्यांसह होणारी रूपे, वर जोडाक्षरे आणि रफार, असे सगळे अखंड ठशांत पाडायचे म्हटले तर तितके लागतातच. साचे झाले नाहीत आणि ग्रंथ रोमी लिपीत निघाला. (ही सहाशेची गाठ पुढे आपल्या मुंबईतच सुटली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी अक्षराचे तुकडे पाडून ते जुळवण्याची रीत बसवली आणि ठशांची संख्या खाली आणली. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी त्याच छापखान्यात शिकले. पण हा दुसऱ्या पत्राचा विषय.)

रोमी लिपीत लिहिताना पोर्तुगीज स्पेलिंगची सवय वापरली गेली. तिच्या खुणा माहीत नसल्या की देवनागरीत परत आणताना घोटाळे होतात. ळ, ण यांसारखे जड वर्ण दाखवायला अक्षर दोनदा लिहीत. दोन ‘एल’ म्हणजे ळ, दोन ‘एन’ म्हणजे ण. हे न कळता वाचले की ‘रत्नकिळा’चा ‘रत्नकिल्ला’ होतो, आणि तो खरोखर छापलेला आम्ही पाहिला आहे. किळा म्हणजे तेज, किरण. हरळ म्हणजे खडे. खड्यांत रत्नाचे तेज उठून दिसावे, तशी. हरळीचे गवत समजून ‘हिरवळ’ घातली की उपमाच उरत नाही. ‘क’साठी पुढचा स्वर पाहून कधी ‘सी’, कधी ‘क्यू-यू’ येते. ‘ज’साठी ‘झेड’ येते. ‘जैसी’ आणि ‘माजि’ या दोन्हींत तेच अक्षर, त्यामुळे उच्चार ‘जग’मधल्या ज्यासारखा की ‘जागा’मधल्या ज्यासारखा हे मराठी येणाऱ्यानेच ठरवायचे. अनुस्वारासाठी स्वरावर वळणदार रेघ. ती नकलेत गळली की ‘हरळांमाजि’चे ‘हरळामाजि’ होते, अनेकवचन जाते आणि खड्यांच्या राशीचा एकच खडा उरतो.

सर्वांत जास्त वाद ऱ्हस्व-दीर्घाचा आणि ‘भासा’चा. रोमीत इ आणि ई यांचा काटेकोर भेद नाही. म्हणून ‘माजि’ की ‘माजी’, ‘कि’ की ‘की’, हा निर्णय मूळ लेखकाचा नसून देवनागरी आवृत्तीच्या संपादकाचा असतो. दोन आवृत्त्यांत वेगळे दिसले तर त्यांतली एक चुकीची ठरत नाही. ‘भासा’चे तसे नाही. पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये श दाखवायला ‘एक्स’ हे अक्षर हाताशी होते. तरीही तिथे ‘एस’च आहे, आणि ‘पुस्प’मध्येही ‘एस’च आहे. म्हणजे स हा उच्चार मजकुरातला आहे, संपादकाच्या पदरचा नाही. तो ‘सुधारून’ भाषा, पुष्प करणे म्हणजे ज्ञानेश्वरीतले ‘बोलु’ खोडून ‘बोल’ करणे. आपल्या पुरवणीत नेमके हेच झाले आहे.

मग अधिकृत पाठ कुठला? १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन छपाया झाल्या, पण तिन्हींची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि अशा पुस्तकांचे दिवस भरले. ग्रंथ टिकला तो हाताने केलेल्या नकलांवर, गोव्यात आणि गोवा सोडून कर्नाटक किनाऱ्यावर गेलेल्या कुटुंबांत. त्या रोमी हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूरला आवृत्ती छापली. आज उद्धृत होणारा बहुतेक मजकूर तिथून येतो. देवनागरीत शांताराम बंडेलू यांची आवृत्ती १९५६मध्ये पुण्याहून आली, आणि कारिदाद द्रागो यांची १९९६मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाकडून. लंडनला विल्यम मार्सडन या इंग्रज अभ्यासकाच्या संग्रहात देवनागरी लिपीतलेच एक हस्तलिखित आहे. रोमी प्रतींत जिथे पोर्तुगीज वळणाचे धर्मशब्द येतात, तिथे त्यात बहुधा संस्कृत वळणाचे शब्द भेटतात. म्हणून ‘ख्रिस्तपुराणात असे आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या आवृत्तीत, हे सांगावे लागते. जालावरून उचललेल्या ओळींना आवृत्ती नसतेच, आणि ‘रत्नकिल्ला’ तिथूनच पसरतो.

शिक्षकांनी विचारले तर आम्ही सांगू की मुलांना केवळ ही एक ओवी देऊ नये. तिच्या पाठोपाठच्या तीन ओव्याही त्याच प्रकारच्या आणि त्याहून सोप्या आहेत: फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरू, ताऱ्यांत बारा राशी, वारांत रविवार-सोमवार. चारही पहिल्या पुराणाच्या पहिल्याच अवस्वरात आहेत. त्या सलग मोठ्याने वाचाव्यात, चौथ्या चरणावर थांबून. त्यानंतर गद्य प्रस्तावना वाचावी. तिथे स्टीफन्स आपली पद्धत उघड करतात: देवाच्या गोष्टी सांगायला मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोंकणीतले, सोपे शब्द मिसळले. स्तुतीच्या ओव्यांपेक्षा आम्हाला हे वाक्य मोलाचे वाटते. ज्या भाषेला हिरा म्हटले, तीच श्रोत्यांसाठी सोपी करताना हा लेखक कचरला नाही. ‘भेसळीविरुद्ध’ मोर्चा काढताना याच माणसाची ओवी फलकावर घेणाऱ्यांनी प्रस्तावनेचे हे पान आधी चाळावे.

वाचताना अडते ते चार-सहा रूपांशी. ‘करुनु’, ‘देखुनु’ म्हणजे करून, पाहून. ‘देशिंचेया’मधला ‘चेया’ म्हणजे आपला च्या. ‘उतर’ म्हणजे शब्द, ‘भितुर’ म्हणजे आत, ‘निरोपणे’ म्हणजे सांगणे. ही रूपे ध्यानात धरली की पन्नासेक ओव्यांनंतर डोळा सरावतो. शब्दशः अर्थ लावत बसण्यापेक्षा आधी कथा ओळखीची असलेला भाग निवडावा. दुसऱ्या पुराणातला येशूच्या जन्माचा किंवा दुःखसहनाचा भाग त्यासाठी बरा. पहिल्या पुराणात जुन्या करारातली नावे पोर्तुगीज-लॅटिन वळणाची असल्यामुळे नवा वाचक तिथेच अडखळतो आणि पुस्तक मिटतो.

आता आपल्याकडून हवे ते. ओवी वर दिल्याप्रमाणे चार ओळींत, ‘भासा’ तशीच ठेवून छापावी. तिच्याखाली ‘थॉमस स्टीफन्स, ख्रिस्तपुराण, पहिले पुराण, अवस्वर पहिला; राशोल, गोवा, १६१६’ एवढे यावे आणि पाठ कोणत्या देवनागरी आवृत्तीतून घेतला तिचे साल द्यावे. परिचयात एक ओळ पुरे: इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्विट धर्मगुरू, १५७९ ते १६१९ गोव्यात, मुख्यतः सासष्टीत. कोंकणीचे व्याकरण आणि दोत्रिन यांचा उल्लेख जागा असेल तर करावा. कोंकणी वाचकही आपले दैनिक घेतात. ओवी अभ्यासक्रमातून किंवा शासकीय पत्रकातून जशीच्या तशी घेतली असेल, तर उपसंपादकाने ती मुद्रित आवृत्तीशी एकदा ताडून पाहावी. ‘किळा’, ‘हरळां’वरचा अनुस्वार आणि ‘भासा’ एवढ्या तीन जागा पाहायच्या. दोन मिनिटांचे काम आहे.

कळावे,
आपले,
ख्रिस्तपुराणाचे काही वाचक
मुंबई